‘मानवी चूक’ या शब्दाच्या पलीकडे

खामगाववरून जाणाऱ्या महामार्गावर अपघात झाला की ‘चालकाचा ताबा सुटल्याने’ हे ठरलेले शब्द बातमीत वाचायला मिळतात. वळण कसे होते, फलक दिसत होता का, हे प्रश्न तिथेच मिटतात. अणुभट्ट्यांवरील मराठी लेखनात ‘मानवी चूक’ हा शब्द हेच काम करतो, असा माझा आक्षेप आहे.

अमेरिकेतील थ्री माइल आयलंडचे उदाहरण घेऊ. २८ मार्च १९७९ च्या पहाटे दाब कमी करणारी झडप उघडली, ती मिटलीच नाही. नियंत्रण कक्षातला तिचा दिवा मात्र विझला. झडप मिटण्याचा आदेश गेला, एवढेच तो दिवा सांगत होता. ती खरोखर मिटली की नाही, हे नव्हे. पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक इशारे सुरू झाले. त्यांत तातडीचा कोणता, हे उमगण्याची सोय नव्हती. पाणी निसटत असताना मापक मात्र ते वाढल्याचे दाखवत होता, म्हणून चालकांनी आपत्कालीन पाण्याचा प्रवाह कमी केला. गळती थांबायला दोन तासांहून अधिक काळ लागला. चौकशी करणाऱ्या केमेनी आयोगाने चालकांची कृती नोंदवली. पण प्रशिक्षण, सूचनापुस्तिका, कक्षाची मांडणी आणि नियामक यंत्रणा यांनाही जबाबदार धरले. आपल्याकडच्या सारांशांत हा उत्तरार्धच गळतो.

याची दुसरी बाजू उत्तर प्रदेशातील नरोऱ्यात दिसते. ३१ मार्च १९९३ रोजी टर्बाइनची पाती तुटून आग लागली, केबल जळाल्या आणि नियंत्रण कक्षात धूर शिरला. कर्मचाऱ्यांनी भट्टी तत्काळ बंद केली होती, पण पुढे त्यांना कक्ष सोडावा लागला. सुमारे १७ तास केंद्रात वीज नव्हती. त्यांनी अंधारात जाऊन हाताने झडपा उघडल्या आणि भट्टीत बोरॉनचे द्रावण सोडले. इथे यंत्रणा हरली, माणसे टिकली. ‘मानवी चूक’ म्हणणाऱ्या भाषेकडे यासाठी शब्द नाही.

तारापूरच्या १९६९ मध्ये सुरू झालेल्या दोन भट्ट्यांसाठी २००५-०६ च्या सुधारणांत पूरक नियंत्रण कक्ष उभारले गेले. मुख्य कक्ष निकामी झाला तरी भट्टी बंद ठेवून थंड करता यावी, हा त्यांचा हेतू. मुख्य कक्षातही बसता येणार नाही अशी वेळ येऊ शकते, ही त्यातली कबुली मला मोलाची वाटते.

जैतापूरवर मी जे वाचले, त्यात जमीन, मासेमारी, भूकंप हे विषय आहेत, आणि ते असायलाच हवेत. रात्रपाळीत मापकांसमोर बसणाऱ्या माणसाला काय दिसेल, किती इशारे एकदम ऐकू येतील, हा प्रश्न मात्र मला आढळला नाही. तो अपघातानंतर विचारला, तर उत्तर म्हणून पुन्हा तोच शब्द मिळेल.