श्यामची आई : नाव एक, सिनेमे दोन

मंडळाच्या यादीत नुसतं ‘श्यामची आई’ लिहिलेलं दिसलं, की मी विचारतो, कुठली? आचार्य अत्र्यांची १९५३ची, की सुजय डहाके यांची २०२३ची? दोन्हींच्या मुळाशी साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं तेच पुस्तक. मान दोन्हींना मिळाला. जुन्याला राष्ट्रपतींचं पहिलंवहिलं सुवर्णपदक, नव्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. म्हणून नवा सिनेमा म्हणजे जुन्याचीच नवी आवृत्ती, असं सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही.

फरक शीर्षकातच आहे. अत्र्यांचा भर ‘आई’वर, डहाकेंचा ‘श्यामची’वर.

अत्र्यांकडे आई आपल्यासमोर उभी असते. पायाला माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो, तेव्हा ती पदर पसरते आणि त्याच बोलण्यात मन स्वच्छ ठेवायचं सांगून जाते. पोहायला भिऊन लपलेल्या श्यामला मात्र तीच मारत विहिरीकडे नेते. माया आणि धाक एकाच हातात. वाक्यं थोडी नाटकी वाटतात, अश्रूही अंमळ जास्तच; पण बाई खरी वाटते.

डहाकेंकडे तुरुंगातले गुरुजी (ओम भूतकर) मागे वळून पाहतात आणि आई (गौरी देशपांडे) त्यांच्या आठवणीतून आपल्यापर्यंत येते. सिनेमा कृष्णधवल आहे. ती जुन्याची नक्कल नव्हे, आठवणीचा तो रंग आहे. आईनं पेरलेलं पुढे देशाच्या कामात कसं उगवलं, हे इथे कळतं. ही मोठी जमेची बाजू. पण मुलाच्या आठवणीत आई मुलापुरतीच उरते. तिचं स्वतःचं दुखणं, तिचा स्वाभिमान मला जुन्या सिनेमात जास्त भेटला.

याचं बरंचसं श्रेय वनमालाबाईंना, आणि इथे आपल्या ग्वाल्हेरचा संबंध येतो. माहेरच्या त्या सुशीला पवार. जन्म उज्जैनचा, वडील शिंदे संस्थानात मोठे अधिकारी, शिक्षण ग्वाल्हेरात. सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मध्ये (१९४१) त्या रुखसाना होत्या. संस्थानी थाटात वाढलेल्या बाईनं कोकणातल्या गरिबीची आई उभी केली, तीही कुठे केविलवाणी न करता. ताठ कणा त्यांनी जणू घरूनच आणला होता. २००७ साली त्यांचं निधन झालं, तेही ग्वाल्हेरातच.

लश्करातल्या मराठी घरांत मुलं आता शाळेत हिंदी-इंग्रजी बोलतात, मराठी उरली ती आईपुरती. या मुलांना मोबाइलवर ‘श्यामची आई’ शोधल्यावर नवाच सिनेमा आधी सापडला, तर त्यात वाईट काहीच नाही, तो जरूर बघावा. पण अवघ्या महाराष्ट्रानं जिला आई मानलं, ती आपल्या गावची होती, हे त्यांना कोण सांगणार? नावाच्या सारखेपणात ती हरवू नये.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या यादीत सिनेमाच्या नावापुढे साल आणि दिग्दर्शक लिहावा. १९५३च्या नोंदीत आणखी एक ओळ घालावी : आई – वनमाला, ग्वाल्हेर.