संजीवनीचा बाजारभाव

मेलेला माणूस उठवायला किती खर्च यावा? प्रश्न वेडगळ वाटेल, पण 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकन खेळाच्या नियमग्रंथात त्याचे उत्तर चक्क आकड्यांत छापलेले आहे. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीप्रमाणे मृत्यूनंतर मिनिटभराच्या आत मंत्र म्हटला तर ३०० सुवर्णमुद्रांचे हिरे लागतात. दहा दिवसांच्या आत म्हटला तर ५०० मुद्रांचा एक हिरा. दोन्ही मंत्रांत हिरे नाहीसे होतात. २०२४ च्या सुधारित ग्रंथानेही हे आकडे तसेच ठेवले आहेत.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र होतो, एक जण सूत्रधार होऊन जग उभे करतो, आणि फासे निकाल देतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली हा प्रकार छापून आणला. त्याचे नियमग्रंथ मी कादंबरीसारखे वाचतो, आणि ते वाङ्मय नव्हे असे कुणी म्हटले तर मला ते पटत नाही. कोणत्या गोष्टीला काय मोजावे लागते हे जो ग्रंथ सांगतो, तो त्या जगाची नीतीही सांगत असतो.

अलीकडे खेळणाऱ्यांत एक मागणी वरचेवर ऐकू येते, ती ही की मंत्रांची सामग्री स्वस्त करावी. तिच्यातला अर्धा भाग तर केव्हाच मान्य झालेला आहे. अग्निगोलकाच्या मंत्राला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागतो. विजेच्या मंत्राला केसाळ कातड्याचा तुकडा आणि काचेची कांडी. या सामग्रीत कर्त्यांचा मिस्किलपणा आहे, कारण पहिल्या जोडीत बंदुकीच्या दारूचा वास येतो, तर दुसरी शाळेतल्या स्थितिक विजेच्या प्रयोगातून उचललेली आहे. दुसऱ्याच्या मनातले ओळखायला तांब्याचे नाणे लागते, कारण 'मनातले सांग, पैसा देतो' अशा अर्थाचा इंग्रजीत वाक्प्रचार आहे. हे सगळे आता २५ मुद्रांच्या एका थैलीत भागते आणि त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. ठेवूही नये. आपल्याकडे पूजेत अलंकार नसले तर अक्षता वाहतात. देवाची त्याला हरकत नसते.

हिऱ्याचे तसे नाही. १९७८ सालच्या ग्रंथात मेलेल्याला उठवणाऱ्या मंत्राला काही सामग्रीच नव्हती. मात्र उठणाऱ्याच्या प्रकृतीचा एक गुण कायमचा घटे, आणि उठणे साधेल की नाही हेही फाशावर ठरे. २००३ साली सुधारून निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीत त्याच मंत्राला ५,००० मुद्रांचा हिरा आला, शिवाय उठलेला एक पायरी खाली घसरे. २०१४ मध्ये हिरा ५०० वर आला आणि घसरण जाऊन चार दिवसांचा अशक्तपणा तेवढा उरला. म्हणजे किंमत आधी देहातून वळती होत होती, मग देह आणि थैली दोहोंतून, आणि आता जवळजवळ थैलीतूनच होते. आपल्या कचाने संजीवनी विद्या मिळवली ती गुरूच्या घरी राबून आणि स्वतः तीनदा मरून! त्या कथेत हिऱ्याचा उल्लेख नाही.

तरीही ३०० मुद्रा थोड्या नाहीत. याच ग्रंथात अकुशल मजुराची रोजी चांदीची दोन नाणी दिली आहे आणि दहा चांदीची एक सुवर्णमुद्रा होते. तेव्हा ३०० मुद्रा म्हणजे मजुराच्या दीड हजार दिवसांची, चार वर्षांहून अधिक काळाची कमाई. उलट वीराचे संपूर्ण पोलादी चिलखत १,५०० मुद्रांना मिळते. चिलखत महाग आणि त्याच्या आतला माणूस त्याच्या पाचव्या हिश्शात, तोही फक्त वीरांना. मजूर मेला तो मेलाच. ग्रंथाला हे जाणवलेले दिसत नाही.

नियमात दुसरीही एक गंमत आहे. हिऱ्याचे वजन न सांगता भाव सांगितला आहे. सूत्रधाराने दया येऊन हिऱ्यांचा बाजारभाव निम्मा केला, तर ३०० मुद्रांत दुप्पट हिरे येतील आणि लागतीलही दुप्पटच. खर्च जिथल्या तिथे. घासाघीस करून कुणी तोच खडा २५० ला आणला, तर मंत्र चालावा की न चालावा? जे नियमातला आकडा न बदलता बाजार बदलू पाहतात, त्यांनी आधी याचे उत्तर द्यावे.

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे भाचीने असा डाव मांडला होता. दुसऱ्याच संध्याकाळी एका मुलाचे पात्र मेले आणि मुलगा पानावरून उठून गेला. प्रेत गावच्या देवळात नेले. हिरा हवा ५०० चा, गाठीशी मुद्रा ३१०. "मामा, सूट देऊ का?" भाचीने मला स्वयंपाकघरात येऊन विचारले. मी म्हटले, "पुजारी तू आहेस, मी नव्हे." तिने सूट दिली नाही, कर्ज दिले. १९० मुद्रांच्या त्या कर्जापायी मुलांनी देवळासाठी पुढच्या चार बैठका दरोडेखोरांचा माग काढला, आणि उठलेला मुलगा सर्वांत पुढे होता.

म्हणून आकडा कमी करायचा तर करावा, पण कमी केलेला भाग दुसऱ्या कशात तरी घ्यावा: श्रमात, शब्दात, वर्षांत. नुसती सूट दिली तर मरण ही वाटखर्चातली एक बाब होते, आणि मग मुले रडतही नाहीत आणि माग काढायलाही जात नाहीत.

वस्तूचे गुण ओळखण्याच्या मंत्राला १०० मुद्रांचा मोती लागतो. हल्ली तो एकदा घेतला की झिजत नाही. तो पन्नासाला द्यावा, उसना द्यावा, हरवला तर आजीच्या पेटीत सापडावा. माझी काही तक्रार नाही.