खमीर, लाज आणि एक नॉर्वेजियन ग्रंथ

लार्स मारियस गार्शोल यांचा ‘हिस्टॉरिकल ब्रूइंग टेक्निक्स : द लॉस्ट आर्ट ऑफ फार्महाऊस ब्रूइंग’ हा इंग्रजी ग्रंथ २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. उत्तर युरोपातील शेतकरी आपल्या घरी, आपल्याच शेतातल्या धान्याची बीअर कशी बनवीत आले, हा त्याचा विषय. अशा ग्रंथाचे परीक्षण या त्रैमासिकात यावे, याबद्दल काही वाचक नाक मुरडतील, हे आम्ही जाणतो. दारूने धुळीस मिळविलेली घरे आमच्या कोणत्या धर्मग्रामात नाहीत? तेव्हा पिण्याची भलावण करणे हा आमचा हेतू नाही. महाराष्ट्रात परवान्यावाचून घरी बीअर बनविणे हा गुन्हा आहे, हेही येथेच सांगून टाकतो. तरीही या ग्रंथाविषयी लिहावेसे वाटले, कारण तो वरवर बीअरचा असला तरी मुळात खमिराचा आहे. आणि खमीर हा विषय आम्हां ख्रिस्ती वाचकांना परका नाही. पिठाच्या तीन मापांत खमीर लपविणाऱ्या त्या बाईचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

गार्शोल हे व्यवसायाने संगणक क्षेत्रातले. इतिहासकार नव्हेत, रसायनशास्त्रज्ञ नव्हेत. हा त्यांचा उणेपणा न ठरता गुणच ठरला आहे, असे आमचे मत आहे. ठाऊक नसलेली गोष्ट विचारायला त्यांना संकोच वाटत नाही. पश्चिम नॉर्वेतील व्होस, हॉर्निंदाल या भागांत काही शेतकरी घराणी स्वतःचे खमीर अजून राखून आहेत, हे समजताच ते त्यांच्या दारी गेले, त्यांच्यासोबत चुलीपाशी उभे राहिले, आणि पाहिले ते टिपत गेले. त्या खमिराला तिकडच्या बोलीत ‘क्वाइक’ म्हणतात. चेतविणे, जिवंत करणे अशा अर्थाच्या जुन्या धातूशी या शब्दाचे नाते आहे. आपल्या ‘विरजण’ शब्दात दुधाच्या बाजूने पाहण्याची रीत आहे, त्यांच्या शब्दात ठिणगीच्या बाजूने.

रीत थोडक्यात अशी. जवाला मोड आणून ते वाळवायचे, भरडायचे, गरम पाण्यात भिजवून त्यांचा गोड काढा उतरवून घ्यायचा. जुनिपर नावाच्या काटेरी झुडपाच्या डहाळ्या पाण्यात उकळून त्याच पाण्याने हे सारे करायचे. काही घरी हा काढा तासन्‌तास उकळतात, तर काही घरी मुळीच उकळत नाहीत. मग तो धारोष्ण दुधाइतका कोमट झाला की त्यात क्वाइक सोडायचे. काही गावांत खमीर सोडताना मोठ्याने आरोळी ठोकण्याची चाल होती; आरोळी जितकी जोरकस, तितकी बीअर जोरकस! पुढे दीड-दोन दिवसांत काम संपते. शेजारीपाजारी चव घ्यायला जमतात, आणि त्या मेळाव्यालाही तिकडे स्वतंत्र नाव आहे.

बीअरच्या धंद्यात वापरली जाणारी नेहमीची यीस्टे १८ ते २२ अंश सेल्सिअसला, आणि लागर जातीची तर त्याहूनही थंड जागी नीट काम करतात. उष्णता वाढली की चव बिघडते. क्वाइक मात्र ३० ते ४० अंशांत सुखाने नांदते. म्हणजे चैत्र-वैशाखात पुण्यातील एखाद्या पत्र्याच्या खोलीत जेवढे उकडते, तेवढ्यात! बर्फाळ नॉर्वेत हे उन्हाळी स्वभावाचे बीज कसे रुजले, याचे उत्तर हवामानात नसून घरकामाच्या ओघात आहे. काढा पुरता निवण्याची वाट न पाहता खमीर घालायचे, पहिल्या जोमातलेच काढून पुढच्या वेळेसाठी ठेवायचे, असे पिढ्यान्‌पिढ्या करीत गेल्याने तेच निवडले गेले. २०१८ साली ‘फ्रंटिअर्स इन मायक्रोबायॉलॉजी’ या नियतकालिकात आलेल्या निबंधाने (त्याच्या लेखकांत गार्शोलही आहेत) क्वाइक हा माणसाळलेल्या यीस्टांचा एक वेगळाच आनुवंशिक गट असल्याचे दाखविले. शेतकऱ्यांना हे निराळ्या भाषेत ठाऊक होतेच.

ते खमीर राखण्याची रीत हा आम्हांला या ग्रंथातला सर्वांत रसाळ भाग वाटला. लाकडाचे छोटे तुकडे एकमेकांत गुंफून केलेली कडी, भोके पाडलेले ओंडके, गवताच्या चुंबळी, साधे कापड अशा वस्तू आंबत्या बीअरमध्ये बुडवून काढायच्या आणि वाळवून टांगून ठेवायच्या. महिन्यांनी, कधी वर्षानेही, ती कडी पुन्हा कोमट काढ्यात सोडली की सारे जागे होते. एखाद्या घरचे खमीर बिघडलेच तर शेजारच्या घरून आणायचे. आमच्या वाचक भगिनींना यात नवल ते काय, असे वाटेल. ‘जरा विरजण देता का?’ हा प्रश्न वाड्याच्या जिन्यावर कितीदा तरी विचारला गेला असेल. दिलेले खमीर देणाऱ्याकडेही उरते, आणि त्याची एक प्रत शेजारी सुखरूप राहते, हा त्यातला मोठा व्यवहार.

पुणेकरांना आणखी एक तुलना सुचावी. पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तेथे यीस्टांचे वाण गोठवून, वाळवून, काचेच्या बंद कुप्यांत जपलेले असतात. शास्त्राला आणि उद्योगाला अशा संग्रहाची गरज आहे, यात शंका नाही. पण कुपीत राहतो तो वाण. तो केव्हा घालावा, किती घालावा, कोणाला द्यावा, हे कुपीत मावत नाही. घरच्या क्वाइकमध्ये बहुधा एकाहून अधिक वाण एकत्र नांदत असतात. प्रयोगशाळेने त्यातला एक वेगळा काढला, पाकिटात भरला आणि गावाचे नाव लावून विकला, तर विकली गेलेली वस्तू तीच म्हणावी काय? व्होसचे नाव लावलेली पाकिटे आज जगभर मिळतात. सिग्मुंड येर्नेस या शेतकऱ्याने घरचे खमीर मोकळ्या हाताने देऊ केले, म्हणून हे सारे शक्य झाले. या देण्याचे ऋण कोणी आणि कसे मानावे, या प्रश्नाचा गार्शोल यांनी अधिक खोलात जाऊन विचार करायला हवा होता, असे आम्हांला वाटते.

दुसरा आक्षेप शीर्षकाविषयीचा. उपशीर्षकात या कलेला ‘लुप्त’ म्हटले आहे, आणि आत तर ती करणारी हाडामांसाची माणसे पानोपानी भेटतात. प्रकाशकांना हरवलेल्या वस्तूची गोडी असते, हे खरे. पण ज्याच्या घरी चूल पेटलेली आहे त्याला आपली कला लुप्त झाल्याचे छापील पुस्तकातून कळावे, यात काही न्याय नाही. कृतींचे तपशील आमच्यासारख्या वाचकाला जड जातात. ज्या भागांत हे काम बायकांकडे होते त्या भागांविषयी आम्हांला आणखी पुष्कळ वाचायला आवडले असते.

ग्रंथाचे खरे बळ मात्र निराळ्याच ठिकाणी आहे. १९५० च्या दशकात नॉर्वेतील लोकजीवन-संशोधकांनी घरगुती बीअरविषयीची एक प्रश्नावली गावोगावी धाडली होती. जव कोठे वाळवीत, खमिराला काय म्हणत, ते कशावर सुकवीत, असे साधे प्रश्न. खेड्यापाड्यांतून उत्तरे आली, अभिलेखागारात जपली गेली. ओड नोर्लांड यांनी त्यांवर १९६९ साली ग्रंथ लिहिला, आणि गार्शोल यांनीही तीच उत्तरे नव्याने वाचली. लक्षात घ्यावे की नॉर्वे काही मद्याला मोकळे रान देणारा देश नव्हता. तेथे मद्यपानविरोधी चळवळ जोरात होती, आणि १९२७ पर्यंत जवळजवळ दशकभर कडक मद्यावर बंदी होती. धार्मिक वृत्तीच्या अनेक घरांनी बीअर बनविणे पाप म्हणून सोडले. तरीही कोणीतरी विचारले, आणि कोणीतरी संकोच न करता सांगितले.

त्या देशाच्या कॅथॉलिक काळातील एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. पश्चिम नॉर्वेच्या जुन्या गुलातिंग कायद्यानुसार नाताळच्या सणासाठी बीअर बनविणे हे प्रत्येक शेतकऱ्याचे कर्तव्य होते. ती ख्रिस्ताच्या व पवित्र मरियेच्या नावे, सुबत्ता आणि शांती मागून आशीर्वादित करायची. टाळाटाळ केल्यास बिशपांना दंड, आणि तीन वर्षे टाळल्यास मालमत्ता जप्त! आज हसू येते खरे; पण ज्या समाजात घरच्या खमिराला असे वेदीजवळचे स्थान होते, त्या समाजाला त्याविषयी बोलताना खाली मान घालावी लागली नाही.

आता आमच्याकडे वळू. उत्तर कोकणातील आणि गोव्यातील ख्रिस्ती घरांत खमीर म्हणजे ताडी, माडी, सुर. गोव्याचा पाव सुराने फुगत असे, सान्नां सुराने हलक्या होत, ईस्ट इंडियन समाजाच्या फुगियांच्या पिठात ताडी पडे. आज बहुतेक ठिकाणी त्या जागी बाजारचे यीस्ट आले आहे, आणि पुण्याच्या कॅम्पातील गोवेकर घरांतही ते पाकिटातूनच येते. क्वाइकशी ही तुलना शेवटपर्यंत जुळत नाही, हे मान्य करायला हवे. क्वाइक वाळवून माळ्यावर टांगता येते. ताडीला साठवण नाही. झाडाने सकाळी दिलेला गोड रस हवेतल्या आणि मडक्याच्या अंगच्या यीस्टांनी काही तासांत आंबतो, आणि तोच त्या दिवसाचे खमीर. झाडावर चढणारा माणूस थांबला की त्याच दिवशी घरचे खमीर थांबते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने ताडी काढणे परवान्याच्या कक्षेत आणले. ख्रिस्तयागाच्या द्राक्षारसाची सोय त्या कायद्यात झाली, पण पिठात पडणाऱ्या वाटीभर ताडीचा कैवार घेणारे कोणी नव्हते.

परंतु सारा दोष कायद्यावर टाकून आम्हांला मोकळे होता येणार नाही. हिंदी चित्रपटांनी वर्षानुवर्षे ख्रिस्ती माणूस म्हणजे बाटली हातात घेतलेला विनोदी इसम असे चित्र रंगविले. त्या चेष्टेने आमचे लेखक दुखावले, आणि ते दुखावणे रास्तच होते. आम्ही लग्नातली गाणी जमविली, बोलींचे शब्द जमविले, पोशाखांची वर्णने केली. ताडीपाशी आलो की मात्र लेखणी अडखळते. एक तर ती व्यसनमुक्तीचा उपदेश करते, नाही तर बालपणीच्या झाडांच्या आठवणीत हळवी होते. पीठ किती, ताडी किती, सकाळची की दुपारची, कोणत्या ऋतूत पीठ किती वेळ झाकून ठेवायचे, हे ज्यांच्या हाताला ठाऊक होते त्या आज्यांना ते विचारणे आम्हांला प्रतिष्ठेचे वाटले नाही. पिण्याच्या लाजेपायी भाकरीचे ज्ञानही आम्ही झाकून ठेवले.

याच पुण्यात २००९ साली डूलाली नावाची लहान मद्यशाळा निघाली, पुढे आणखी निघाल्या, आणि शिकलेली तरुण मंडळी तेथे यीस्टच्या वाणांवर तासभर चर्चा करतात. त्यात कोणाला लाज वाटत नाही. ताडीचा विषय निघाला की मात्र तीच मंडळी हसतात. हा भेद यीस्टचा नाही, पेल्याच्या किमतीचा आहे.

गार्शोल यांचा ग्रंथ आमच्या वाचकांनी बीअरसाठी नव्हे, प्रश्न कसे विचारावेत यासाठी वाचावा. नॉर्वेत खमिराला किती बोलींत किती नावे आहेत, याची त्यांनी केलेली नोंद पाहिली की आमच्या बोलीकोशांच्या संपादकांना काम दिसेल. सामवेदी, वाडवळी, ईस्ट इंडियन बोली आणि कोकणी यांसाठी अशी प्रश्नावली एका पानाचीसुद्धा पुरेल. पहिला प्रश्न असा असावा : मडक्याच्या तळाशी बसणाऱ्या पांढऱ्या साक्याला तुमच्या घरी काय म्हणत, आणि तो कोणाला देत?