'ड' जीवनसत्त्वाची परिभाषा आणि माता

गर्भिणी व स्तनदा मातांसाठी जे मराठी आरोग्यलेखन होते, त्यातील 'ड' जीवनसत्त्वाविषयीची माहिती बहुधा शास्त्रास धरून असते. तिची भाषा मात्र तशी नसते. 'जीवनसत्त्व' ही संज्ञाच वाचकास अन्नाकडे वळविते. वस्तुतः हे द्रव्य मुख्यत्वेकरून त्वचेत, सूर्याच्या अतिनील किरणांमुळे निर्माण होते. (मॅकॉलम यांनी 'डी' हे अक्षर योजिले ते केवळ क्रमाने; मराठीने ध्वनी घेतला, क्रम सोडला.)

'कोवळे ऊन' हा प्रयोग तर अधिकच फसवा आहे. कोवळेपणातील सुखदता हाच गुण मानला गेला. परंतु सकाळच्या तिरप्या उन्हात आवश्यक ते किरण फारच थोडे असतात. बंद खोलीत सव्वा महिना काढणाऱ्या बाळंतिणीस असले ऊन सांगणे हे न सांगण्यासारखेच होय.

'अत्यावश्यक' हे विशेषणही असेच सैल वापरले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सर्वच गर्भिणींना हे पूरक औषध सरसकट देण्याची शिफारस केलेली नाही.

सर्वांत गंभीर दोष 'पूर्णान्न' या शब्दाचा. आईचे दूध अन्यथा श्रेष्ठ असले, तरी त्यात हे द्रव्य सामान्यतः अत्यल्प असते. म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००८ मध्ये अंगावर पिणाऱ्या अर्भकास प्रतिदिनी ४०० एकके देण्यास सांगितले. दूध 'पूर्ण' असेल तर हे थेंब कशासाठी, असे एखाद्या मातेने विचारल्यास तिचे अज्ञान दिसत नाही. लेखकाचे शब्द तिने नीट वाचले, एवढेच दिसते.