बे-लीफ फार्महाउस
बे-लीफ फार्महाउस : मध्ययुगीन इंग्लिश शेतकऱ्याचे ओकच्या लाकडी सांगाड्याचे घर. ते मूळचे केंट परगण्यातील चिडिंगस्टोन परिसरातील. बाउ बीच जलाशयाच्या बांधकामामुळे ते १९६८-६९ मध्ये उकलण्यात आले व १९७२ मध्ये वेस्ट ससेक्समधील सिंगलटन येथील ‘वील्ड अँड डाउनलंड’ खुल्या संग्रहालयात पुन्हा उभारण्यात आले.

लाकडातील वार्षिक वलयांच्या अभ्यासानुसार मधले दालन व साठवणीच्या खोल्यांची बाजू १४०५–३० या काळातील असून मालकाच्या खाजगी खोल्यांची बाजू १५०५–१० च्या सुमाराची आहे. घराची रचना ‘वील्डन’ प्रकारची आहे. दोन्ही टोकांचे वरचे मजले पुढे आलेले, तर मधले दालन आढ्यापर्यंत मोकळे असते. तिन्ही भागांवर एकच छप्पर असल्याने दालनापुढील वळचण वक्र धिऱ्यांवर तोललेली दिसते. भिंती कुडाच्या असून उघड्या चुलीचा धूर छपरातूनच बाहेर जाई. पुढील काळात अशा बहुतेक घरांप्रमाणे येथेही विटांचे धुराडे व दालनात मजला घालण्यात आला.

पुनर्बांधणीत हे नंतरचे फेरफार वगळून घराला सोळाव्या शतकाच्या आरंभीचे रूप देण्यात आले. त्यामुळे मोकळ्या दालनाची उंची, अंधार व भव्यता प्रत्यक्ष अनुभवता येते. केवळ आराखड्यावरून ती उमगली नसती. तथापि हा निर्णय निर्विवाद नाही. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये स्थापन केलेल्या प्राचीन वास्तुसंरक्षण संस्थेने एका काळाच्या शुद्धतेसाठी नंतरचे थर खरवडून काढण्यास विरोध केला होता. शिवाय येथे निवडलेले रूपही मूळचे नव्हे. सुमारे पाऊण ते एक शतकानंतरची भर स्वीकारली गेली आणि धुराडे मात्र नाकारले गेले. वस्तुतः दोन्ही बदल एकाच गरजेतून, म्हणजे अधिक सोयीच्या व खाजगी निवासाच्या अपेक्षेतून, उद्भवले होते.

याच संग्रहालयातील १६०९ चे पेंडीन फार्महाउस धुराड्याभोवती रचलेले घर दाखवते. दोन्ही घरे पाहिल्यास बदलाचा क्रम कळतो. परंतु तो एकाच घराच्या अंगावर वाचता येत नाही. बे-लीफ हा मध्ययुगीन सुतारकामाचा उत्कृष्ट पुरावा आहे; त्यात पुढे नांदलेल्या पिढ्यांचा मात्र तो अपुरा पुरावा ठरतो. जलाशयामुळे स्थलांतर अपरिहार्य होते. काळाची निवड मात्र पुनर्बांधणी करणाऱ्यांची होती.