२६ ग्रॅम की ४८ ग्रॅम? गरोदरपणातल्या पूरक आहारावरचा एक पेपर वाचताना



मागच्या महिन्यात वहिनीचा फोन आला होता. "भाऊजी, तुम्ही संशोधन करता ना, मग सांगा. दिवस जायच्या आधीपासून पालेभाजी, दूध, फळं नीट खाल्ली तर बाळाचं वजन वाढतं का?" मी ऐटीत म्हणालो, "हो, ४८ ग्रॅमने. मुंबईतच ट्रायल झालीय." फोन ठेवला, पेपर पुन्हा उघडला आणि ओशाळलो. आकडा पेपरमधलाच होता, पण तो वहिनीला सांगायचा आकडा नव्हता. माझं नेमकं काय चुकलं ते आज बघू, कारण रिसर्च प्रपोजल लिहिताना तुमच्याकडूनही हीच चूक होऊ शकते.

पेपर आहे 'मुंबई मॅटर्नल न्यूट्रिशन प्रोजेक्ट'चा. पोतदार आणि सहकाऱ्यांनी तो २०१४ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशन'मध्ये छापला. मुंबईच्या झोपडपट्टीतल्या ६५१३ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ मिळाला, तर दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या कमी पोषक भाज्यांचा. गर्भ राहायच्या किमान ९० दिवस आधीपासून बाळंतपणापर्यंत, नेहमीच्या जेवणाशिवाय वेगळा. मुख्य प्रश्न एकच होता: बाळाचं जन्मवजन वाढतं का?

आधी या पेपरची जमेची बाजू बघू. बहुतेक अभ्यास बाई दवाखान्यात नाव नोंदवते तिथून सुरू होतात. तोवर बाळाचे अवयव घडायला लागलेले असतात. इथे सुरुवात त्याच्याही आधी केली आहे. शिवाय गोळीऐवजी घरात शिजू शकेल असं अन्न दिलं. ही दोन्ही कामं फार अवघड आहेत.

आता आकडे. ज्या गटात नाव पडलं त्याच गटात सगळ्यांना मोजायचं, मग खाऊ किती दिवस खाल्ला हे बघायचं नाही, या पद्धतीला 'इंटेन्शन टू ट्रीट' म्हणतात. तसं मोजल्यावर फरक आला २६ ग्रॅम आणि ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल उणे १५ ते अधिक ६८. मध्ये शून्य बसतं. म्हणजे एकूण परिणाम दिसला नाही. लेखकांनीही निष्कर्षात हे सरळ लिहिलंय.

मग ४८ कुठून आला? ज्यांनी गर्भ राहायच्या तीन महिने किंवा त्याहून आधी खाऊ सुरू केला होता, फक्त त्यांच्या १०९४ बाळांमधून. हे झालं 'पर-प्रोटोकॉल' विश्लेषण, आणि त्याचा इंटरव्हल १ ते ९६. खालचं टोक शून्याला जवळजवळ चिकटलंय. आणखी एक गोष्ट: ४८ हा २६ पेक्षा मोठा आहे म्हणून 'लवकर सुरू केल्याने जास्त फायदा' हे सिद्ध होत नाही. दोन्ही इंटरव्हल एकमेकांत भरपूर शिरलेत आणि बाळंही बरीचशी तीच आहेत.

इथे लेखकांवर अन्याय करायला नको. ९० दिवसांची अट मूळ आराखड्यातच होती आणि ती दोन्ही गटांना सारखी लागली. 'ज्यांनी नेमाने खाल्लं तेवढ्याच मोजा' असा हा प्रकार नाही. त्यामुळे हे विश्लेषण नेहमीच्या पर-प्रोटोकॉलपेक्षा बरं आहे. पण त्याला आधार म्हणून वापरा, उत्तर म्हणून नको.

माझा खरा आक्षेप गळतीवर आहे. ६५१३ पैकी गरोदर राहिल्या २२९१. जिवंत एकल बाळं जन्मली १९६२. त्यातली मोजली गेली १३६०, म्हणजे जवळपास एक तृतीयांश बाळांचं माप नाही. आपल्याकडे बाळंतपणाला माहेरी, गावी जायची रीत आहे, तेव्हा अशी गळती समजू शकते. पण गावी जाणारी आणि मुंबईत राहणारी, दोघींची परिस्थिती सारखीच असेल असं गृहीत धरता येत नाही.

दुसरा आक्षेप तुलनेवर. एका खाऊत ऊर्जा ०.६९ मेगाज्यूल, दुसऱ्यात ०.३७. प्रथिनं ६.४ ग्रॅम विरुद्ध २.४. मग फरक पडलाच तर तो जीवनसत्त्वांचा, प्रथिनांचा की नुसत्या कॅलरीचा? ही रचना ते वेगळं करू शकत नाही.

आणि वहिनीला लागू पडणारी गोष्ट तर मी वगळलीच होती. आईच्या आधीच्या बीएमआयनुसार तीन गट केले, तर एकूण विश्लेषणात १८.६ च्या खालच्या स्त्रियांमध्ये फरक उणे २३ ग्रॅम, मधल्या गटात अधिक ३४, आणि २१.८ च्या वरच्यांत अधिक ९६. ज्यांना मदतीची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्यातच वाढ दिसली नाही! हा सबग्रुप आहे, त्यामुळे यावरून शेवटचा निकाल देऊ नका. पण वहिनी बारीक आहे, आणि मी तिला सगळ्यांची सरासरीसुद्धा नाही, एका निवडक गटाची सरासरी ऐकवली होती.

मी तिला परत फोन केला. म्हटलं, "भाजी-दूध जरूर खा, पण ग्रॅमचा हिशेब माझ्या बोलण्यावर मांडू नकोस. वजन कमी आहे ते डॉक्टरांना आत्ताच सांग. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांचा प्रश्न वेगळा आहे, या पेपरवरून त्या टाळू नकोस." ती म्हणाली, "मग आधी का नाही सांगितलंत?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुमच्यासाठी गृहपाठ: याच प्रकल्पाच्या २०१६ च्या पेपरात गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण ७.३ टक्के विरुद्ध १२.४ टक्के आलंय. आकडा भारी आहे. पण आनंदायच्या आधी पेपर काढा आणि ग्लुकोजची तपासणी किती जणींची झाली ते शोधा. मग तो आकडा तुमच्या प्रपोजलमध्ये कोणत्या शब्दांत लिहाल, ते एका वाक्यात मांडून बघा.