सोलेंतिनामेच्या झोपडीतील शुभवर्तमान

निकाराग्वाचे कवी एर्नेस्तो कार्देनाल १९६५ साली धर्मगुरू झाले आणि पुढच्याच वर्षी निकाराग्वा सरोवरातील सोलेंतिनामे या लहानशा बेटांवर, शेतकरी व कोळी यांच्या वस्तीत राहावयास गेले. तेथील रविवारच्या मिस्सात प्रवचन नसे. ज्यांना वाचता येई त्यांच्या हाती शुभवर्तमानाच्या प्रती दिल्या जात. एखादा मुलगा वा मुलगी उतारा मोठ्याने वाची, आणि मग एकेका वचनावर सगळे बोलत. कधी चर्चमध्ये, कधी समोरच्या गवती छपराच्या झोपडीत. नंतर एकत्र जेवण. या संभाषणांचा संग्रह १९७५ पासून स्पॅनिशमध्ये प्रसिद्ध झाला. आम्ही तो चार खंडांच्या इंग्रजी अनुवादातून वाचला.

पुस्तकाचे खरे सामर्थ्य माणसांच्या आवाजांत आहे. लौरेआनो प्रत्येक वचन क्रांतीकडे वळवितो, रेबेका प्रेमाकडे. वृद्ध तोमास पेन्या यांना अक्षरओळख नाही, पण त्यांचे बोलणे पिकल्या फळासारखे आहे. पवित्र मरियेच्या स्तोत्रावरील प्रकरण तर विसरता येत नाही. हे गीत हेरोदाने ऐकले असते तर तो काय म्हणाला असता, असे कार्देनाल विचारतात. एकीच्या मते, तो तिला वेडी म्हणाला असता. दुसरीच्या मते, कम्युनिस्ट. लौरेआनोला तेवढ्याने समाधान नाही. ती होतीच, असे तो ठामपणे सांगतो.

येथे आम्ही थबकलो. मरियेचे गीत सत्ताधीशांना खाली ओढणारे आहे, हे आपल्या भक्तीने किती दिवस झाकून ठेवले! परंतु एका पक्षाचे नाव त्या मातेच्या कपाळी लावणे म्हणजे तिचे गीत पुन्हा लहान करणे होय. पांचो हा जुन्या मताचा गृहस्थ इतरांशी असहमत होतो, तेव्हा संभाषणाला खरा जीव येतो. त्याला अधिक जागा मिळावयास हवी होती, असे आम्हांस वाटते.

आपल्या धर्मग्रामांतील लहान ख्रिस्ती समूहांच्या सभेत सात पायऱ्यांची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेकडून ती आली. तीत दुसऱ्याच्या बोलण्यावर वाद घालावयाचा नसतो. नियम शहाणपणाचा आहे. त्यामुळे लाजरी सूनही सासूसमोर दोन शब्द बोलते. पण याच नियमाच्या आडोशाने आपण पाणी, जमीन, मजुरी हे विषय दाराबाहेर ठेवतो आणि रोजरी व चहा आटोपून घरी जातो. सोलेंतिनामेत होडी नसलेल्यांना सभेला येता येत नसे, ही नोंद कार्देनाल आवर्जून करतात. आपल्या सभेला कोण येत नाही, याची नोंद कोण ठेवतो?

या वाचनाची किंमतही मोठी होती. ऑक्टोबर १९७७ मध्ये समूहातील काही तरुणांनी सान कार्लोस येथील लष्करी ठाण्यावर हल्ला केला. सोमोसाच्या सैनिकांनी ती वस्ती उद्ध्वस्त केली. कार्देनाल १९७९ साली सांस्कृतिक मंत्री झाले. १९८३ साली मानाग्वाच्या विमानतळावर पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना जाहीरपणे समज दिली. पुढे त्यांच्या धर्मगुरुपदाच्या सेवेवर बंदी आली, ती पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये उठविली. १ मार्च २०२० रोजी कार्देनाल निवर्तले. बंदूक हाती घेणारे ते तरुण शुभवर्तमान चुकीचे वाचत होते काय? आम्हांस तसे वाटते. मात्र ते मनापासून वाचत होते, हे पुस्तकाच्या प्रत्येक पानावर दिसते.